रुग्ण किती सुधारला, हे मोजायचं कसं? पुनर्वसन वॉर्डासाठी

डिस्चार्ज कार्डावर ‘जनरल कंडिशन इम्प्रूव्ह्ड’ असा शेरा असतो. जत किंवा आटपाडीकडच्या वस्तीवर गेल्यावर माणूस रात्री एकटा उठून संडासला जाईल का, याचं उत्तर त्यात नसतं. ते हवं असेल तर दाखल होताना आणि घरी जाताना, एकाच पद्धतीने घेतलेले आकडे लागतात. पद्धत बदलली की दोन आकड्यांतला फरक रुग्णाचा की मोजणाऱ्याचा, हे सांगता येत नाही.

पॅरालिसिसच्या रुग्णासाठी बार्थेल इंडेक्सपासून सुरुवात करावी. रोजची कामं रुग्ण स्वतः किती करतो, हे मोजणारा हा तक्ता १९६५ पासून वापरात आहे. दहा बाबी, एकूण १०० गुण, सगळे ५ च्या पटीत. जेवण, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडासचा वापर आणि जिना यांना प्रत्येकी १०. अंघोळ आणि तोंड धुणं-केस विंचरणं यांना ५-५. पलंगावरून खुर्चीत जाणं आणि सपाटीवर चालणं यांना १५-१५.

गुण चुकतात ते प्रश्न विचारण्यात. ‘अंघोळ जमते का?’ असं विचारलं की आपल्याकडे ‘जमतंय की!’ हेच उत्तर येतं. बार्थेलमध्ये रुग्णाला काय जमेल ते धरत नाहीत, गेल्या २४ ते ४८ तासांत त्याने काय केलं ते धरतात. म्हणून ‘आजी, काल अंघोळ कुणी घातली?’ असं विचारा. शेजारून सून म्हणाली, ‘मीच घालती, पडतील म्हणून,’ तर अंघोळीला शून्य. आजींना कदाचित स्वतः करता येईल. पण त्या करत नाहीत. नुसतं जवळ उभं राहावं लागत असेल तरी ती मदतच धरायची. काठी किंवा वॉकर मात्र चालतो. तो घेऊन साधारण ४५ मीटर कुणाच्याही मदतीशिवाय चालले तर पूर्ण १५ द्यावेत. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी नातेवाईक रिकामी करत असतील तर लघवीला शून्य. रुग्ण कॅथेटरचं सगळं स्वतः बघत असेल तर १०.

या तक्त्यात जमिनीवर मांडी घालून बसणं, तिथून उठणं, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं नाही. आपल्या घरांत तर खरी अडचण तिथेच येते. त्यासाठी खाली वेगळ्या दोन ओळी ठेवा, पण त्यांचे गुण १०० मध्ये मिसळू नका. गुडघा बदललेल्या रुग्णाला उकिडवं बसायला सर्जनने मनाई केली असेल तर तिथे ‘मनाई’ लिहा. ‘जमत नाही’ लिहिलं तर उपचार कमी पडले असं दिसतं.

तोल आणि चालण्यासाठी ‘टाइम्ड अप अँड गो’ ही चाचणी पुरेशी आहे. हातांची खुर्ची, बैठक सुमारे ४६ सेंमी उंच. वॉर्डातली प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवा. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीला टेप लावा. रुग्ण पाठ टेकून बसलेला असावा. पायात रोजची चप्पल, हातात नेहमीचीच काठी. ‘चला’ म्हणताच घड्याळ सुरू. उठून नेहमीच्या चालीने टेपपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बसले की घड्याळ बंद. आधी एकदा सराव द्या. वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून घरची तयारी सांगावी. मध्येच हात धरावा लागला तर वेळ लिहू नका, ‘आधार लागला’ लिहा.

चालण्याच्या वेगासाठी १४ मीटरचा पॅसेज लागतो: पहिले २ मीटर वेग धरायला, शेवटचे २ थांबायला, मधले १० मोजायचे. जागा कमी असेल तर एकूण १० मीटर घेऊन मधले ६ मोजा; मात्र त्या रुग्णाला पुढेही तेच अंतर ठेवा. १० मीटरला २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, याहून हळू चालणारे पॅरालिसिसचे रुग्ण बहुतेक घरातच फिरतात. साडेबारा सेकंद म्हणजे ०.८, त्याच्या पुढे बाजार, एस.टी. स्टँड आवाक्यात येतात. थेरपिस्टने पुढे चालू नये, अर्धं पाऊल मागे राहावं, नाहीतर रुग्ण थेरपिस्टचाच वेग पकडतो. व्यायामानंतर दमलेल्या माणसाला मोजू नका. पार्किन्सनच्या रुग्णाची गोळी किती वाजता झाली तेही लिहा. तिच्यामुळे वेळ बरीच बदलते.

आता वॉर्डाचा दर्जा. ऑस्ट्रेलियातल्या पुनर्वसन विभागांत पहिली मोजणी दाखल झाल्यापासून ७२ तासांच्या आत आणि शेवटची डिस्चार्जआधीच्या ७२ तासांत करतात. हा नियम सरळ उचलावा. डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं आणि गाडीची घाई असते, गुण अंदाजाने भरले जातात. म्हणून आदल्या दिवशीच मोजा. बार्थेल ३५ वरून ७० झाला आणि मुक्काम २५ दिवसांचा, तर वाढ ३५, म्हणजे रोज १.४. पण आधीच ९० असलेल्याला वाढायला जागाच नसते, त्यामुळे पॅरालिसिस आणि गुडघ्याचे रुग्ण एका सरासरीत घालू नयेत.

सगळ्यात जास्त फसवते ती रिकामी जागा. कुणी पैसे संपले म्हणून, कुणी द्राक्षाची छाटणी आली म्हणून मध्येच घरी जातो, कुणाला पुण्याला हलवतात. त्यांची शेवटची मोजणी होत नाही आणि ते हिशेबातून गळतात. उरतात ते बरे झालेले, आणि वॉर्डाचे आकडे छान दिसतात. म्हणून अहवालात सरासरीच्या आधी ‘दाखल किती, दोन्ही मोजण्या झालेले किती’ ही ओळ यावी, आणि राहिलेल्यांचं कारण शेजारी. महिन्याला आठच रुग्ण असतील तर टक्केवारी काढू नका: एका माणसाने साडेबारा टक्के हलतात. तिमाही एकत्र करा, आणि सरासरीऐवजी मधला आकडा (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मध्यभागी येणारा) द्या.