मागचा एक्सल आणि डिफरेन्शियल का तुटतं? या चुका टाळा

पिकअपचा एक्सल तुटला की 'पार्टच हलका होता' म्हणून आपण मोकळे होतो. पण तो बहुतेकदा तुटतो झटक्याने. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 200 न्यूटन-मीटर, पहिला गिअर 4:1 आणि डिफरेन्शियलमधली क्राउन-पिनियन ही मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी 4:1 धरा. मागच्या चाकांकडे जवळपास 3,200 न्यूटन-मीटर जातात. रेस वाढवून क्लच फटकन सोडलात तर फ्लायव्हीलचा तडाखा वेगळाच.

सगळ्यात घातक चूक पावसाळ्यात शेतरस्त्यावर होते. काळ्या मातीत एक चाक घसरतं आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतच राहतो. डिफरेन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक थांबलं की दुसरं क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरतं. एरवी वळणावर सावकाश फिरणारे आतले छोटे स्पायडर गिअर आता पिनवर गरगरतात, ऑइलचा थर जातो, पिन खरवडते. मग त्या चाकाला अचानक दगड सापडतो. चाक थबकतं, मागून येणारा वेग थबकत नाही. क्राउनचा दात उडतो तो इथेच, नाहीतर एक्सलचा शाफ्ट स्प्लाइनपाशी, म्हणजे टोकाच्या खाचांपाशी, पिळून तुटतो. म्हणून चाक जागेवर फिरू लागताच पाय काढा. चिखल उपसा, चाकाखाली खडी-फांद्या टाका, दोर लावा. अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

तुटलेला शाफ्ट भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड बघा. काळपट, कमानीसारख्या रेषा दिसल्या तर तो आज तुटलेला नाही, आधीपासून तडकत होता. ज्या गाडीत चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसतं तिथे शाफ्ट वजनही पेलतो आणि पीळही; ओव्हरलोड तिथे जास्त भोवतो.

ऑइल मॅन्युअलप्रमाणेच भरा. क्राउन-पिनियनचे तिरके हायपॉइड दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना बहुधा जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. इंजिन ऑइल चालत नाही. ओढ्यातून गाडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला आणि ब्रीदर (हौसिंगची हवा ये-जा करायची नळी) साफ करा. तापलेलं हौसिंग पाण्यात गार होताना आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुजलेला असला की सीलमधून पाणी ओढलं जातं.

शेवटची चूक गॅरेजमधली, आणि ती मला फार खटकते. पिनियनचं सील गळतं म्हणून नवं बसवतात आणि नट इम्पॅक्ट गनने आवळतात. आत क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी नळी) असेल तर ती जास्त दबते, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावरचा ठरवलेला दाब, बिघडतो, बेअरिंग तापतं आणि काही दिवसांत मागून 'घूं' सुरू होतं. उघडण्याआधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजायला सांगा, आणि नवी स्लीव्ह आणूनच काम करून घ्या.