अनोळखी फल हाती आलं की सुरुवात कुठून करायची?

फल (function) म्हणजे प्रत्येक संख्येला एक ठरावीक संख्या जोडून देणारा नियम; फ हे फल अ ला जी संख्या देतं ती फ(अ). ‘अशी सर्व फलं शोधा’ असा प्रश्न दिसला की अनेकांची आकडेमोड लगेच सुरू होते. जरा थांबा. फल कोणत्या संख्यांवर दिलं आहे, ते आधी वाचा: पूर्णांक, परिमेय की वास्तव? हा शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढे तोच कामाला येतो.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधला २०१९ चा पहिला प्रश्न घेऊ. फ हे पूर्णांकांवरचं फल आहे, त्याच्या किमतीही पूर्णांकच आहेत. कोणतेही पूर्णांक अ, ब घेतले तरी

फ(२अ) + २फ(ब) = फ(फ(अ + ब))

हे खरं असतं. अशी सर्व फलं शोधायची आहेत.

आधी उत्तराचा अंदाज घ्या. फ(अ) = म × अ + क (म आणि क या न बदलणाऱ्या संख्या) हे सरळ रूप समीकरणात टाकून पाहा. दोन्ही बाजू जुळायच्या तर म² = २म आणि २क = म × क हवं. म्हणजे म = ० आणि क = ०, नाहीतर म = २ आणि क कोणताही पूर्णांक. हा झाला फक्त अंदाज. याशिवाय दुसरं फल नाही हे दाखवणं, हाच खरा प्रश्न.

आता सोप्या किमती घाला. शून्यापासून सुरुवात करावी, कारण त्याने पदं गळून पडतात. अ = ० घेतलं की फ(०) + २फ(ब) = फ(फ(ब)). फलाच्या पोटात फल, ही गुंतागुंत इथेच सुटते: फ(फ(काहीही)) म्हणजे फ(०) + २फ(काहीही). मूळ समीकरणाची उजवी बाजू तशी लिहिली की उरतं

फ(२अ) + २फ(ब) = फ(०) + २फ(अ + ब).

आता अ = १ घ्या. फ(ब + १) − फ(ब) ही वजाबाकी (फ(२) − फ(०)) ÷ २ इतकी येते, आणि तिच्यात ब कुठेच नाही! प्रत्येक पायरीला फल सारख्याच मापाने सरकतं, म्हणजे ते सरळ रूपाचंच आहे. आपला अंदाज पक्का झाला: एक तर फ सगळीकडे शून्य, नाहीतर फ(अ) = २अ + क.

शेवटची उडी जमली ती ‘पूर्णांक’ या शब्दामुळे. एकेक पाऊल टाकत आपण प्रत्येक पूर्णांकापर्यंत पोचतो, पण वास्तव संख्यांपर्यंत असं चालत जाता येत नाही. तिथे फ(क्ष + य) = फ(क्ष) + फ(य) एवढं साधं समीकरणही अतिशय विचित्र फलांना जागा देतं, हे जर्मन गणितज्ञ गेओर्ग हामेल यांनी १९०५ मध्ये दाखवलं.

एका सापळ्यात चांगले चांगले सापडतात. फ(क्ष)² = क्ष² मिळालं की ‘म्हणून फ(क्ष) = क्ष किंवा फ(क्ष) = −क्ष’ असं लिहून ते मोकळे होतात. पण हे ‘किंवा’ प्रत्येक क्ष साठी वेगळं आहे! ३ ला अधिक आणि ५ ला उणे, असंही चालेल. अशी सरमिसळ होत नाही हे दोन वेगळ्या संख्या मूळ समीकरणात घालून दाखवावं लागतं.

नुसत्या संख्यांच्या प्रश्नांत दोनच हत्यारं आधी चालवून पाहावीत. पहिलं, भागाकारात उरणाऱ्या बाकीचं. वर्गसंख्येला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च उरते. दोन वर्गांच्या बेरजेची बाकी म्हणून कधीच ३ नसते. २०२३ ला ४ ने भागून बाकी ३ उरते, तेव्हा क्ष² + य² = २०२३ ला पूर्णांकांत उत्तर नाही. एका ओळीत काम झालं.

दुसरं हत्यार म्हणजे भाजकाला उघडं पाडणं. न + ३ ने न² + ७ ला निःशेष भाग जातो, अशा नैसर्गिक संख्या न कोणत्या? न² + ७ = (न + ३)(न − ३) + १६ असं लिहा. आता न + ३ ने १६ ला भाग गेला पाहिजे. न निदान १ आहे, म्हणून न + ३ च्या जागी ४, ८ किंवा १६ येऊ शकतात, आणि न = १, ५, १३. मूळ प्रश्नात घालून पाहा: ८ ÷ ४, ३२ ÷ ८, १७६ ÷ १६. तिन्ही भाग निःशेष जातात. हा पडताळा उत्तरपत्रिकेतच लिहा. फलाच्या प्रश्नात तर तो उत्तराचाच भाग असतो, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.