सीमाभागात पेट्रोलचा दर कसा पाहावा आणि कसा पडताळावा

बेळगावहून चंदगडच्या वाटेला लागले की बाचीनंतर शिनोळीत महाराष्ट्र सुरू होतो. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना कोगनोळी मागे टाकली की कागल येते. एवढ्याशा अंतरात पंपावरचा दर बदलतो, कारण पेट्रोल आणि डिझेल अद्याप जीएसटीत आलेले नसून प्रत्येक राज्य त्यांवर स्वतःचा कर आकारते. कर्नाटकाने जून 2024 मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर 25.92 टक्क्यांवरून 29.84 टक्क्यांवर नेला आणि एप्रिल 2025 मध्ये डिझेलवरील कर 21.17 टक्के केला. त्यामुळे 'पलीकडे स्वस्त मिळते' ही ऐकीव माहिती कधीच जुनी झालेली असू शकते, शिवाय जे पेट्रोलचे तेच डिझेलचे, असेही धरून चालू नये.

प्रथम निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा त्या दिवसाचा दर पाहावा. 16 जून 2017 पासून नवे दर रोज सकाळी 6 वाजता लागू होत असल्याने त्यानंतरच पाहणे योग्य. तेल कंपन्यांच्या अ‍ॅपवर पंपनिहाय दर मिळतो. इंडियन ऑइलच्या पंपासाठी इंग्रजी अक्षरांत आरएसपी लिहून, जागा सोडून पंपाचा डीलर कोड टाकावा आणि 9224992249 वर एसएमएस करावा.

मग हिशेब करावा. लिटरमागे 2 रुपये वाचत असतील आणि दुचाकीत 4 लिटर भरायचे असेल, तर वाचतात 8 रुपये. पण त्यासाठी येऊन-जाऊन 10 किलोमीटर वाट वाकडी केली आणि गाडी लिटरला 50 किलोमीटर जात असली, तर सुमारे 20 रुपयांचे पेट्रोल त्यातच जळते. ज्यांचे रोजचे कामच पलीकडे आहे, त्यांनाच हा फरक खरा उपयोगी पडतो.

पंपावर शिरताना दराची पाटी वाचावी, मात्र तिच्यावर विसंबू नये. कुठे ती झाडाआड असते, कुठे तिच्यावरचे दिवे अर्धे विझलेले असतात, तर कुठे प्रीमियम पेट्रोलचा आकडा साध्याच्या आकड्याला खेटून असतो. चालत्या गाडीवरून वाचता येत नाही अशी पाटी लावणे हा ग्राहकावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा दर मशीनवर असतो. तिथे रक्कम, लिटर आणि प्रतिलिटर दर असे तीन आकडे दिसतात. कर्मचारी 'शून्य बघा' म्हणतो तेव्हा आपण वरचे दोनच पाहतो. तिसरा आकडाही वाचावा, कारण न विचारता प्रीमियमचे नोझल लावले गेले तर ते तिथेच कळते. म्हणून आधीच 'साधे पेट्रोल' असे सांगावे. कन्नड बोलणारा कर्मचारी असल्यास 'सादा पेट्रोल हाकी' म्हणावे. भरून झाल्यावर लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम, हे ताडून पावती मागून घ्यावी.

मापाबद्दल शंका आली तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले 5 लिटरचे माप मागावे. ते पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकासमोर मोजून दाखवण्यास नकार देता येत नाही. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. त्याहून जास्त घट आढळल्यास पंपावरील तक्रारवहीत तारीख, वेळ व नोझल क्रमांकासह नोंद करावी, आणि दाद न मिळाल्यास पावती हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.