दफनाच्या जागेसाठी नेमका शब्द कसा निवडावा

स्थलवर्णन किंवा बातमी लिहिताना, आपण मृतांसाठी राखलेल्या संपूर्ण जमिनीविषयी लिहीत आहोत, एका मृताच्या जागेविषयी की तिच्यावरील बांधकामाविषयी, हे आधी ठरवून घ्यावे. बहुतेक घोळ येथेच होतात.

संपूर्ण जमिनीसाठी ‘दफनभूमी’ हा शब्द कोणत्याही समाजाच्या बाबतीत चालतो. मुस्लिम समाजाची दफनभूमी असल्यास ‘कब्रस्तान’ लिहावे. ‘स्मशान’ मुख्यतः दहनाच्या जागेला म्हणतात. मात्र लिंगायत समाजात दफनाची प्रथा असूनही त्यांच्या जागेच्या नावात ‘स्मशानभूमी’ आढळते, आणि असे रूढ नाव आपण परस्पर बदलू नये.

एका मृताच्या जागेला ‘कबर’ किंवा ‘थडगे’ म्हणतात. ‘थडगे’ थोडे रुक्ष वाटते, त्यामुळे पूज्य व्यक्तीच्या बाबतीत ते टाळलेले बरे. सूफी संताच्या कबरीला ‘मजार’, तिच्याभोवतीच्या श्रद्धास्थानाला ‘दर्गा’ आणि कबरीवर उभारलेल्या भव्य इमारतीला ‘मकबरा’ म्हणावे. 1707 मध्ये निधन पावलेल्या औरंगजेबाची कबर खुलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात असून तिच्यावर छप्परही नाही, म्हणून तिला मकबरा म्हणणे चूक ठरते. उलट त्याची पत्नी दिलरस बानू बेगम हिची कबर जिच्यात आहे ती घुमट-मिनारांची वास्तू ‘बीबी का मकबरा’ म्हणूनच ओळखली जाते.

सर्वांत जपून वापरावा असा शब्द म्हणजे ‘समाधी’. आळंदीला ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये संजीवन समाधी घेतली असे परंपरा सांगते, तर रायगडावर 1680 मध्ये शिवाजी महाराजांचे दहन झाले, तरी दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. तेव्हा केवळ त्या शब्दावरून ‘येथे दफन केले’ असे लिहू नये. पुण्यात वानवडीला महादजी शिंदे यांच्या दहनस्थळी असलेली ‘छत्री’ आणि गावोगावच्या देवळांपाशी दिसणारे ‘वीरगळ’ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा) ही तर स्मारकेच होत, थडगी नव्हेत.

प्राचीन अवशेषांविषयी लिहिताना ‘दफन’ हेच नाम वापरावे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांना ‘कुंभदफने’ म्हणावे, कारण ‘कबर’ म्हटल्यास कितीतरी नंतरच्या धर्माची कल्पना वाचकाच्या मनात विनाकारण येते.