चिलरूमच्या लॉगशीटवरची माझी सही

मासळी प्रक्रिया कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, नव्याने लागणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडताना हॅसेप (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत), क्रिटिकल लिमिट (जिच्या पलीकडे जायचं नाही ती मर्यादा), सुधारात्मक कारवाई हे सगळं तुम्हाला पाठ असतं. मलाही होतं. तरी मी फसले.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली आणि ऑगस्टमध्ये रत्नागिरीजवळच्या एका कारखान्यात मी रुजू झाले. चिलरूमचं, म्हणजे मासळी गार ठेवायच्या खोलीचं, तापमान दर दोन तासांनी घेऊन लॉगशीटवर लिहायचं, हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला मिरकरवाडा बंदरावरून एकामागोमाग गाड्या आल्या आणि दोन नोंदी राहिल्या. सीनियर म्हणाले, "अगं, तीन लिही नि सही कर. चिलरूम काय पळून जातेय?" मी लिहिलं. खोली थंडच होती, त्यामुळे खोटं केल्यासारखं वाटलंही नाही. पुढे तशी सवयच लागली. पाळी सुटताना एकाच पेनाने, एका दमात सगळे आकडे: ३, ३, २, ३.

इथे जरा थांबा, कारण सापळा हाच आहे. पहिल्या दिवशी तुमच्याकडे कोणी मोठं खोटं मागत नाही. मागतात ती बिनधोक सही. आकडा बहुतेक बरोबरच असतो, कुणाचं नुकसान होत नाही, आणि सीनियर खूश असतात. पण त्या सह्या फायलीत तुमच्या नावावर साठत जातात. आपण प्रत्यक्ष बघून लिहिलेला ३ आणि अंदाजाने लिहिलेला ३ कागदावर सारखेच दिसतात. नंतर त्यातला खरा कुठला, हे तुम्हालाही सांगता येत नाही. मला आलं नाही.

ऑक्टोबरातली रात्र. देवगडकडून बांगडा घेऊन निघालेली गाडी हातखंब्याच्या अलीकडे चार तास अडकली होती. माल चिलरूममध्ये लागला आणि वीज गेली. जनरेटर उचलेना. पहाटे शेडमधल्या एका मावशींनी हाक मारली, "बाय, ह्या क्रेटीतला बर्फ संपलाय गो. हात घालून बघ." तळाला नुसतं लालसर पाणी होतं. मी प्रोब (तापमापकाची सळई) बांगड्याच्या पाठीतल्या जाड मांसात खुपसला. ११ अंश. शेजारच्या क्रेटीत १२. कल्ले लाल, डोळे चकचकीत, वासही साफ.

बांगड्याच्या बाबतीत नेमकं हेच घातक. बांगडा, कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी तापली की जिवाणू त्याचं हिस्टामाईन करतात. ते नाकाला कळत नाही आणि एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पुरळ उठतं, डोकं ठणकतं, आणि त्याला वाटतं आपल्याला मासळीची ॲलर्जी आहे.

मॅनेजर म्हणाले, "चार लिही. कंटेनर न्हावाशेव्याला वेळेत लागला पाहिजे." ते वाईट माणूस नव्हते. शेडमधल्या बायकांचा पगार त्याच कंटेनरवर होता, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, सर, मी ११ लिहिणार. ते ओरडले नाहीत. जुनी फाइल आणून माझ्यासमोर उघडली. "दोन महिन्यांत एकदाही तीनच्या वर गेलेलं नाही. सह्या तुझ्याच ना? मग आजच कसं झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा खरा आकडा माझ्याच सह्यांनी खोटा ठरवला होता. त्या फायलीवरची बोटं मला अजून दिसतात.

मी वेळ आणि क्रेट नंबर घालून ११ लिहिलं. आधीच्या कित्येक नोंदी मी मागाहून भरल्या होत्या, हेही लेखी कळवलं. ते लिहिताना हात कापत होता. लॉट, म्हणजे त्या खेपेचा सगळा माल, बाजूला ठेवून नऊ नमुने पाठवा, एवढाच आग्रह धरला. युरोपचा नियमच तसा आहे: नऊ नमुन्यांतल्या हिस्टामाईनची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, १०० ते २०० मध्ये फार तर दोन चालतात, २०० च्या वर एकही नाही. आमचे तीन नमुने मर्यादेच्या वर गेले. लॉट निर्यातीतून निघाला.

डिसेंबरात माझं कंत्राट वाढवलं नाही. पाच महिने घरी बसले. बाबा काही विचारायचे नाहीत, तेच जास्त लागायचं. खरं बोललात की बक्षीस मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. नोकरी जाऊ शकते. दोन-तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे पहिल्या पगारापासून बाजूला टाका.

पण घाबरूनही जाऊ नका. तापमान चढणं हा गुन्हा नाही. वीज जाते, गाडी अडकते, म्हणून तर लॉगशीटवर सुधारात्मक कारवाईचा रकाना असतो. बर्फ मारला, लॉट रोखला, नमुने पाठवले असं लिहिलेलं पान जाणत्या ऑडिटरला पटतं. महिनोन् महिने ३-३-३ बघून त्याला शंका येते. आणि प्रश्न एका कारखान्यापुरता राहत नाही. १९९७ साली स्वच्छतेच्या कारणावरून युरोपने भारताची मासळी काही महिने बंद केली, तेव्हा चांगलं काम करणाऱ्यांचा मालही अडकला.

कागद कसा 'बसवायचा' ते शिकवणाऱ्याला गुरू मानू नका, मग तो कितीही प्रेमळ असो. दुसऱ्या कारखान्याची हॅसेप फाइल नाव बदलून वापरणाऱ्यांपासूनही लांब राहा. मी खरं शिकले ते क्रेटीत हात घालणाऱ्या मावशींकडून, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्याजवळ उभी राहिले असते तर बरं झालं असतं.

आता दुसरीकडे आहे. नोंद राहिली तर रकान्यात 'घेतली नाही' लिहिते आणि खाली सही करते. पहिल्यांदा तसं लिहिलं तेव्हा बोलणी खाल्ली. तुम्हीही खाल. पाळी सुरू होताना प्रोब बर्फ-पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा, आणि दाखवत नसेल तर तेही लिहून ठेवा.