दूध शब्दाचा धातू कसा शोधायचा

संस्कृत धातू, म्हणजे शब्दाच्या मुळाशी असलेलं क्रियापदाचं मूळ रूप, शोधायचा म्हटलं की बरेच जण आधी सारखे दिसणारे शब्द गोळा करत बसतात, तसं करू नका, फसायला होतं. आपण कोल्हापूरकर, तर दुधावरनंच बघू. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्णचा, म्हणजे नुकत्याच काढलेल्या कोमट दुधाचा ग्लास हातात असताना कुणी विचारलं की दूध हा शब्द आला कुठनं, तर सांगता आलं पाहिजे की.

आधी शब्द मागे न्या. दूध, त्याच्या आधी प्राकृतात दुद्ध, त्याच्या आधी संस्कृतात दुग्ध. जोडाक्षरातलं एक अक्षर गळलं आणि आधीचा उ लांबला, सप्त-सत्त-सात हे पण तसंच.

आता दुग्ध फोडायचा. शेवटी जो ध दिसतोय तो मुळात त आहे, गत, कृत यातला प्रत्यय, फक्त ओळखू येत नाही. धातू आहे दुह्, म्हणजे धार काढणे. मग ह चा ग कसा झाला? पाणिनीचं सूत्र आहे 'दादेर्धातोर्घः', द ने सुरू होणाऱ्या धातूच्या शेवटच्या ह चा घ होतो, मग घ च्या शेजारी त आला की त चा ध आणि घ चा ग, झालं दुग्ध. लगेच दुसऱ्या धातूवर चेक करा, दह् चं दग्ध होतं का, होतं. आणि लिह् म्हणजे चाटणे, त्याच्या सुरुवातीला द नाही, म्हणून त्याचं लीढ होतं, लिग्ध नाही. मला तर सगळ्यात मजा इथंच येते. आणि गंमत म्हणजे भाषाशास्त्राच्या हिशोबानं घ च मूळचा, ह नंतरचा, कामदुघा, म्हणजे इच्छा पुरवणारी गाय, या शब्दात तो अजून टिकून आहे.

मग धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासकट यादी, उघडा, ऑनलाइन फुकट आहे. तिथं मिळेल 'दुह प्रपूरणे', दुसरा गण (धातूंचा गट), रूप दोग्धि. पण 'प्रपूरणे', म्हणजे भरणे, एवढ्यावर अर्थ लावत बसू नका, वापर बघा, त्यासाठी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश बेस्ट. 'गां दोग्धि पयः' यात गाय पण कर्म आणि दूध पण कर्म, दोन-दोन.

नंतर त्याच धातूची मराठीतली बाकी पिल्लं शोधा. म्हैस दुभती आहे म्हणतो ना आपण? संस्कृत दुह्यते, प्राकृत दुब्भइ, त्यावरनं दुभणे. दही मात्र या घरातलं नाही हां! ते दधि वरनं आलंय, त्यातला ह हा ध चा झालेला, दुह् मधल्या ह शी त्याचा काय संबंध नाही, नुसतं दोन्ही दुधाचे पदार्थ म्हणून जोडायचं नसतं.

आणि दुहिता (संस्कृतात मुलगी, लेक) म्हणजे गाईची धार काढणारी ती, असा मेसेज आला तर जरा थांबा. निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या जुन्या ग्रंथात यास्कानं एका दमात तीन पर्याय दिलेत, दुर्हिता (जिचं हित साधणं अवघड), दूरे हिता (दूर असलेली बरी), नाहीतर दुह् वरनं. दुहिता आणि इंग्रजी डॉटर एकाच मूळ शब्दाचे, हे पक्कं आहे, दुधाशी नातं मात्र आजचे अभ्यासक सगळे मानत नाहीत. वहीत लिहिताना त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाका आणि पुढच्या धातूला लागा.