तीन सुती रॉड आणि डुलणारी खुर्ची

लोखंडी रॉडची मी केलेली पहिली खुर्ची डुलत होती. चारही पाय एकाच मापाचे, कापण्याआधी दोनदा मोजलेले, तरी फरशीवर ठेवली की एक पाय हवेत. पुण्यात डिझाइन शिकून आलेली म्हणून बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्या शेडमध्ये माझा थोडा रुबाब होता, तो तिथेच उतरला. वेल्डिंग करणाऱ्या मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "माप बरोबरच हाय अक्का. लोखंड ओढूलालंय, त्येला तुम्ही काय करणार?"

ओढतं म्हणजे काय, ते मला खरं तर लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवायचा, ते बघायला आम्ही पोरं जमायचो. लोखंडी धाव तापवून लाल करायची, फुगली की लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. गार होताना ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. वेल्डिंगच्या सांध्यातही हेच होतं. वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि ज्या बाजूने वेल्ड मारला तिकडे रॉड ओढून घेतं. सांध्यापाशी अर्धा अंश वाकला, तरी पंचेचाळीस सेंटिमीटर खाली पायाच्या टोकाला तो जवळजवळ चार मिलिमीटर होतो.

म्हणून आता आमच्याकडे कुठलाच सांधा एकदम पुरा होत नाही. आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके. मग काटकोन बघायला गुण्या लावायचा, टेपने दोन्ही कर्ण मोजायचे, फरक निघाला तर हातोडीने ठोकून जागेवर आणायचं. मग एक सांधा इकडचा, दुसरा समोरचा, असं थोडं थोडं वेल्ड करत जायचं, आणि पूर्ण गार होईपर्यंत वस्तू जिगमधून, म्हणजे ती पकडून ठेवणाऱ्या साच्यातून, काढायची नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण काढून बघायची घाई मलाच असते.

नवीन मुलं विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं शिकू? शिका कोणतंही. मी सुरुवात तारेने करते. हार्डवेअरच्या दुकानातून दोन मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार आणि एक पक्कड आणली की झालं. एकास पाच या प्रमाणात ती तार म्हणजे दहा मिलिमीटरचा रॉड. कागदावर रेघ कुठूनही कुठेही जाते. तार तसं करू देत नाही, प्रत्येक वळणाला बोटं दुखतात आणि मग आपोआप वळणं कमी होतात. माझ्या पहिल्या स्केचमध्ये एका खुर्चीला बावीस वळणं होती, तारेत ती नऊवर आली, आणि ती नऊवालीच चांगली दिसली. मात्र हे मॉडेल दिसण्याबद्दल खरं बोलतं, ताकदीबद्दल खोटं. हातात टणक वाटणारी खुर्ची पाचपट मोठी केल्यावर माणसाच्या वजनाने लवलवते.

तिथे रॉडच्या जाडीचा हिशेब येतो. दुकानात माप सुतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून दहा मिलिमीटरला "तीन सूत" आणि बाराला "चार सूत" म्हणायचं. वजन काढायची युक्ती शेडमधल्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग, भागिले १६२, की मीटरला इतके किलो. दहाचा रॉड मीटरला ०.६१७ किलो, बाराचा ०.८८९. म्हणजे बाराचा साधारण दीडपट जड. पण वाकायला विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे बाराचा रॉड दहापेक्षा दुप्पट ताठ. हे कळल्यावर मी पायांना चार सूत आणि पाठीला, आडव्या जोडांना तीन सूत वापरायला लागले. सगळीकडे चार सूत वापरून "मजबूत" केलेली खुर्ची उचलून बघा, दुसऱ्यांदा उचलणार नाही. आणि घराच्या स्लॅबची सळी स्वस्त पडते म्हणून आणू नका. तिच्यावरच्या रेघा बसणाऱ्याला टोचतात आणि पुसता पुसत नाहीत. साधा एमएस राउंड बार, म्हणजे माइल्ड स्टीलचा गुळगुळीत गोल रॉड, मागा.

रॉड वाकवताना आणखी एक कळतं, ते म्हणजे तो मागे येतो. माझा तीन सुती रॉड गार वाकवताना ९३ अंशांपर्यंत नेला की सोडल्यावर ९० वर थांबतो. पण प्रत्येक लॉटचा स्वभाव थोडा वेगळा, म्हणून नवीन माल आला की आधी एक तुकडा वाकवून बघायचा. कापायची लांबी रॉडच्या मध्यरेषेवर काढायची. आतली त्रिज्या ४० आणि रॉड १२ असेल तर मध्यरेषेची त्रिज्या ४६, आणि काटकोनाच्या वळणाला ७२ मिलिमीटर लागतात. मी सुरुवातीला आतलीच त्रिज्या धरायची. प्रत्येक वळणाला नऊ मिलिमीटर कमी पडायचे आणि दोष मी मामांना द्यायची.

रॉडच्या खुर्च्या काही आपण शोधलेल्या नाहीत. डिझायनर मार्सेल ब्रॉयरने १९२५ मध्ये सायकलच्या हँडलवरून सुचून नळीची खुर्ची केली, आणि हॅरी बर्टोयाच्या तारेच्या खुर्च्या १९५२ मध्ये बाजारात आल्या. बर्टोया मूळचा दागिने आणि शिल्पं करणारा. त्याच्या खुर्चीचा फोटो समोर ठेवून सांधे मोजत बसा, कुठे किती तारा एकत्र येतात ते बघा. कॉलेजात मी त्याच्यावर प्रेझेंटेशन दिलं होतं, सांधे मोजले ते इथे आल्यावर.

बसायला मी नवार विणते, बाजल्याला विणतात तशीच. पण आधी पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत भाजणं, मग नवार. कोटिंगच्या भट्टीत १८० ते २०० अंश तापमान असतं, उलट क्रम केला तर काय होईल ते सांगायला नको. बेळगावच्या पावसाने मला याच टप्प्यावर गाठलं. जुलैत दाराशी ठेवलेले रॉड रातोरात तांबूस झाले होते. ऑर्डरची घाई म्हणून वरवर घासून कोटिंगला पाठवले. दिसायला सुरेख झाले. दिवाळीपर्यंत एका कॅफेतल्या आठ खुर्च्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटला, खाली गंज तसाच होता. सगळ्या परत आणून, सोलून, पुन्हा करून दिल्या. त्या महिन्यात कमाई सोडा, पदरचे गेले. आता पावसाळ्यात रॉड लागतील तेवढेच आणते आणि कोटिंगवाल्याकडे तेल काढणं आणि फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून आधी द्यायचा फॉस्फेटचा थर) स्वतः उभी राहून बघते.

शेडवाल्यांबद्दल एक सांगते. त्यांचं पोट गेट-ग्रिलवर आणि फाउंड्र्यांच्या कामावर चालतं, तुमचा एक स्टूल त्यांच्या दृष्टीने खेळणं. रोजावर काम मागितलंत तर सकाळ चहात जाते, नगावर मागितलंत तर वेल्डिंग घाईत होतं. मी नमुन्याला रोज देते आणि पुढच्या मालाला नगाचा दर. कानडी येत नसेल तर निदान आकडे आणि "निधान", "साकु" एवढं तरी शिका. रॉड वाकवताना "हळू" आणि "पुरे" वेळेवर कळलं नाही, तर एक तुकडा फुकट जातो.

पहिली वस्तू म्हणून खुर्ची करू नका, तिपाई करा. तीन पाय कसेही ओढले गेले तरी जमिनीला टेकतातच. ४५ सेंटिमीटर उंची, वर ३२ सेंटिमीटरचं कडं, पाय थोडे बाहेर फाकलेले, नाहीतर कडेला बसलेला माणूस पडेल, आणि पायांना बांधणारं खाली एक कडं. चार सुती रॉड साडेतीन मीटर लागतो, वजन तीन किलोच्या थोडं वर. रॉड सहा मीटरचा येतो, म्हणजे चुकायला अडीच मीटर उरतात. माझ्या पहिल्या तिपाईला ते सगळे लागले होते.